ब्रेक ऑइलची गळती: शोधायची कशी, थांबवायची कशी

ब्रेक ऑइल इंजिनात जळत नाही आणि वापरून संपतही नाही. टाकीपासून चाकापर्यंतची ही यंत्रणा बंदिस्त असते, त्यामुळे पातळी उतरली की ऑइल कुठे गेलं याचं उत्तर मिळायलाच हवं. वरून ओतत राहिलात तर उत्तर लांबतं आणि धोका तेवढाच राहतो. घरी काम करणाऱ्यांना आणि गॅरेजमध्ये नेमकं काय सांगायचं हे हवं असलेल्यांना, दोघांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत.

टाकीतली पातळी थोडी खाली आली आहे. म्हणजे गळतीच का?

नाही. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन थोडा थोडा बाहेर येतो आणि त्याच्या मागे तयार झालेली जागा ऑइल भरून काढतं. पॅड नवे असताना टाकीवरच्या मॅक्स खुणेवर असलेली पातळी पॅड संपत येईपर्यंत मिन खुणेच्या जवळ जाणं अगदी नेहमीचं आहे. पण ही घसरण महिनोन्‌महिने चालणारी असते. काही दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत फरक दिसला, तर ती गळती समजा.

आधी पॅडची जाडी बघा. पॅड ३ मिमीवर आले असतील तर उतरलेल्या पातळीचा हिशोब लागतो. पॅड जाड आहेत आणि पातळी तरीही खाली आहे, तर हिशोब लागत नाही. टाकीवर चिकटपट्टी लावून आजच्या पातळीची रेघ आणि तारीख लिहून ठेवा. ही साधी खूण पुढच्या सगळ्या तपासणीत कामी येते.

उलटा प्रकारही होतो. झिजलेले पॅड असताना कुणीतरी टाकी काठोकाठ भरून ठेवतं, मग नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जादा ऑइल झाकणातून बाहेर येतं. टाकीच्या खालचा रंग उडालेला दिसतो आणि गळतीचा संशय येतो. म्हणून पॅड बदलण्याआधी टाकीतली पातळी बघावी आणि जास्त असेल तर सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्यावं.

गाडीखाली डाग पडला आहे. तो ब्रेक ऑइलचाच हे कसं ओळखायचं?

ताजं ब्रेक ऑइल जवळपास रंगहीन किंवा फिकट पिवळं असतं, जुनं तपकिरी होतं. पातळ आणि बुळबुळीत लागतं. रंगावर विसंबू नका, पाण्याची परीक्षा करा: एका भांड्यात पाणी घेऊन त्यात डागातला थेंब टाका. नेहमीचं ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वर तरंगतं. कूलंटही पाण्यात मिसळतो, पण तो बहुधा हिरवा, गुलाबी किंवा निळा असतो आणि त्याला गोडसर वास येतो. एसीखालून ठिबकतं ते नुसतं पाणी, हाताला अजिबात बुळबुळीत लागत नाही.

डाग कुठे पडला हेही बोलकं असतं. चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर कॅलिपर, व्हील सिलिंडर (ड्रम ब्रेकमधला ऑइलचा सिलिंडर) किंवा होज (चाकाकडे जाणारी रबरी नळी). ड्रायव्हरसमोर, इंजिनच्या मागच्या भिंतीखाली असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब तयार करणारा सिलिंडर. गाडीच्या मधोमध असेल तर लोखंडी पाइप. मात्र ऑइल पाइपवरून ओघळत सर्वांत खालच्या वळणाला येतं आणि तिथून ठिबकतं. म्हणून थेंब पडतो त्या जागेच्या वर शोधत जा.

डाग नसेल तर गळतीची दुसरी लक्षणं कोणती?

पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊन मग लागणं, दोन-तीनदा मारल्यावरच घट्ट होणं, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढणं. ब्रेकचा लाल दिवा वळणावर किंवा उतारावर क्षणभर लागून विझत असेल, तर पातळी सेन्सरच्या काठावर आली आहे. हँडब्रेक पूर्ण सुटलेला असतानाही दिवा विझत नसेल, तर गाडी काढण्याआधी टाकी बघा.

नेमकी जागा कशी शोधायची?

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना अडण लावा, जॅकने उचला आणि जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नका. चारही चाकं काढा. सगळीकडे मळ, चिखल, जुनं ऑइल असेल तर ब्रेक क्लीनर मारून कोरडं करा, कारण ओल्या जागेत ताजी गळती दिसत नाही.

आता एकाला पेडलवर बसवा. इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल मारायला सांगा म्हणजे बूस्टरमधला (पेडलच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. मग जोरात ब्रेक लावल्यासारखं पेडल दाबून एक मिनिट धरून ठेवायचं. दुसऱ्याने टॉर्च घेऊन, पांढरा टिश्यू पेपर प्रत्येक जोडावर फिरवत जायचं. जोरात ब्रेक लावला की पाइपात १०० बारच्या आसपास दाब तयार होतो. नुसत्या उभ्या गाडीत न दिसणारी गळती या दाबाखाली दिसते. एरवी कोरडा असणारा होज दाबाखाली फुगलेला दिसला तर तो गळत नसला तरी बदलायचा.

कोणत्या जागा बघायच्या? पुढे कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं रबरी बूट, होज जिथे कॅलिपरला लागतो तो बँजो बोल्ट आणि त्याचे तांब्याचे वॉशर, एअर काढायचं निपल. होज वाकवून त्याच्या चिरा बघा. विशेषतः धातूच्या टोपीत रबर शिरतं ती जागा. मागे ड्रम असतील तर ड्रम काढल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही: व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या हळूच उचला. आत पुसट ओल असणं चालतं, थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. लोखंडी पाइप बहुतेक वेळा क्लिपच्या आत गंजतो, कारण तिथे चिखल आणि ओलावा अडकून राहतो. वरून पाइप चांगला दिसतो आणि क्लिप सोडवली की खाली पापुद्रे निघतात.

रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत ड्रम आतून ओला असला तर तो ॲक्सलच्या सीलमधून येणाऱ्या गिअर ऑइलनेही ओला असू शकतो. गिअर ऑइल दाट असतं, गंधकासारखा उग्र वास येतो आणि पाण्यात मिसळत नाही.

बाहेर कुठेच ओल नाही, तरी पातळी उतरतेच आहे. ऑइल जातंय कुठे?

दोन जागा उरतात आणि दोन्ही पटकन लक्षात येत नाहीत.

पहिली, बूस्टर. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल बाहेर न पडता बूस्टरच्या डब्यात साचतं. बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनातून मिळत असेल तर ते ऑइल थोडं थोडं इनटेकमध्ये ओढलं जाऊन जळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तपासण्यासाठी मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट काढा, पाइप न सोडता सिलिंडर अलगद थोडा पुढे घ्या आणि मागचा भाग बघा. ओला असेल तर निदान पक्कं. बराच काळ ऑइल आत गेलं असेल तर बूस्टरचा रबरी पडदाही खराब झालेला असतो, तेव्हा तोही तपासून घ्यावा.

दुसरी, क्लच. हायड्रॉलिक क्लचच्या बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून ऑइल घेतात. क्लचची नळी टाकीला थोडी वर लागलेली असते. म्हणून क्लचकडे गळती असेल तर पातळी त्या तोंडापर्यंत उतरते आणि तिथे थांबते, ब्रेक मात्र ठीक लागतात. पातळी दर वेळी एकाच उंचीवर येऊन थांबत असेल तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच हलवणारा) आणि क्लच पेडलजवळचा गालिचा तपासा.

पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, पण पातळी तशीच आहे. हे काय?

मास्टर सिलिंडरची आतली सीलं. ऑइल सीलला वळसा घालून परत टाकीकडे जातं, म्हणून बाहेर काहीच गळत नाही. हलक्या, सतत दाबाने धरल्यावर हे जास्त स्पष्ट कळतं. मात्र इंजिन सुरू करताना पायाखालचं पेडल एकदा किंचित खाली जाऊन थांबतं, ते बूस्टर चालू असल्याचं लक्षण आहे. तो दोष नाही.

गळती थोडीच आहे. चार दिवस चालवली तर?

चालवू नका. बहुतेक गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असतात. काहींत पुढचे आणि मागचे वेगळे, काहींत तिरके जोडलेले. एक भाग रिकामा झाला तरी दुसरा राहतो, पण पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. आज थेंबाथेंबाने गळणारं सील जोरात ब्रेक मारावा लागेल नेमक्या त्या क्षणी सुटू शकतं, कारण सर्वांत जास्त दाब तेव्हाच येतो. शिवाय ऑइल पॅडवर किंवा शूवर (ड्रम ब्रेकमध्ये पॅडचं काम करणाऱ्या भागावर) गेलं की त्या चाकाचा ब्रेक नीट धरत नाही. गाडी टो करून न्या.

चालत्या गाडीत पेडल एकदम खाली गेलं तर काय करायचं?

पेडल भराभर मारा, दुसऱ्या भागात थोडा दाब तयार होतो. एक-एक गिअर खाली घ्या. लिव्हरचा हँडब्रेक असेल तर त्याचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं जाम व्हायला लागली तर लगेच सैल सोडता येतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत त्याचं स्विच ओढून धरून ठेवल्यावर गाडी नियंत्रित रीतीने थांबते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल याबाबत आधीच वाचून ठेवा. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं.

गळती बंद करणारं औषध टाकीत टाकलं तर? किंवा नट जास्त आवळला तर?

औषध मुळीच नको. सील फुगवून गळती झाकणारं रसायन चांगल्या सीलांनाही फुगवून खराब करतं. एम-सील, टेफ्लॉन टेप, वेल्डिंग यांनाही ब्रेकच्या पाइपावर जागा नाही.

जोड सैल असेल तर आवळून गळती थांबू शकते, पण एकदाच आणि मापात. फ्लेअर नट (पाइपचं पसरट केलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, जागी धरणारा) साधारण १२ ते १८ न्यूटन मीटर, बँजो बोल्ट २० ते ३५ आणि निपल ७ ते १० या टप्प्यात असतात. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. तेवढ्यावरही गळत असेल तर फ्लेअरला चीर आहे किंवा वॉशर गेला आहे. अजून जोर लावलात तर आटे जातील.

काम सुरू करण्याआधी काय जमवून ठेवायचं?

पाइपच्या नटांसाठी फ्लेअर नट पाना, बहुधा १० किंवा ११ मिमी. हा पाना नटाला जवळपास सगळीकडून धरतो. साध्या उघड्या पान्याने ब्रेकचे नट गोल होतात आणि मग अर्ध्या तासाचं काम दिवसभराचं होतं. निपलसाठी रिंग पाना, ७ ते ११ मिमीपैकी बसेल तो. पारदर्शक नळी, बाटली, ब्रेक क्लीनर, टॉर्क पाना, रबरी हातमोजे, चष्मा आणि सीलबंद डब्यातलं एक लिटर ब्रेक ऑइल. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, फक्त तो रबरावर, पॅडवर किंवा डिस्कवर जाऊ देऊ नका.

एक युक्ती फार उपयोगी आहे. पाइप उघडण्याआधी पेडल दोन-तीन सेंमी दाबून लाकडी काठीने सीटला टेकवून ठेवा. मास्टर सिलिंडरचं टाकीकडचं छिद्र त्याने बंद होतं आणि उघड्या पाइपातून टाकी रिकामी होत नाही. ब्रेक लाइट चालू राहतात, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. चिमटा लावून होज दाबण्यापेक्षा हे बरं. होज चिमट्याने दबला की आतून चिरतो.

होज कसा बदलायचा?

आधी लोखंडी पाइपकडचा नट सोडा. होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर पाइपच पिळवटतो. मग ब्रॅकेटची क्लिप काढा आणि शेवटी बँजो बोल्ट. नवा होज बसवताना क्रम उलटा: आधी बँजो, दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घालून. जुने वॉशर एकदा दबून कडक झालेले असतात, ते पुन्हा वापरले की हमखास झिरपतात. पाइप जोडल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. होज कुठे ताणला जाता कामा नये, पिळलेला नको, टायरला घासायला नको. एका बाजूचा होज वयाने गेला असेल तर दुसऱ्याचं वयही तेवढंच आहे. जोडीनेच बदला.

व्हील सिलिंडर गेला आहे. किट टाकू की नवा घेऊ?

आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट चालतं. नखाला लागेल असा खड्डा किंवा गंज असेल तर नवं सील थोड्याच दिवसांत जाईल. आमचं मत सरळ आहे: नवा सिलिंडर घ्या, दोन्ही बाजूंना. ऑइलने भिजलेले शू कितीही धुतले तरी लायनर आतून ऑइल सोडत राहतो. ते त्या ॲक्सलचे चारही बदलावेच लागतात. ड्रम ब्रेक क्लीनरने धुवा. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ती श्वासात जाऊ नये. ओल्या कापडाने पुसा. सिलिंडरचे बोल्ट काढण्याआधी पाइपचा नट मोकळा होतो का ते बघा. नटाबरोबर पाइपही फिरत असेल तर पाइपही बदलायचा आहे असं समजूनच पुढे जा.

कॅलिपरमधून गळत असेल तर?

पिस्टनचं चौकोनी छेदाचं सील दोन कामं करतं: ऑइल अडवतं आणि पेडल सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढतं. ते कडक झालं की गळती आणि ब्रेक घासणं, दोन्ही सुरू होतात. पिस्टन काढताना समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि कमी दाबाची हवा द्या. पिस्टन गोळीसारखा सुटतो, मध्ये बोट नको. पिस्टनवर खड्डे असतील तर तो बदला. सील बसवण्याआधी ताज्या ब्रेक ऑइलने ओलं करा. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, साधं ग्रीस यांपैकी काहीही या रबराला लागू देऊ नका. भिजलेले पॅड दोन्ही बाजूंचे बदलायचे.

लोखंडी पाइप गंजून फुटला आहे. तेवढाच तुकडा जोडता येईल?

दोन्ही टोकांना नीट फ्लेअर करून, ब्रेकसाठीच बनवलेल्या जोडाने येईल. आवळून बसणारे कॉम्प्रेशन जोड किंवा रबरी नळी आणि क्लॅम्प या दाबाला टिकत नाहीत. बहुतेक गाड्यांत ४.७५ मिमी पाइप असतो. फ्लेअरचे दोन मुख्य प्रकार आहेत, डबल आणि बबल. दोघांची बैठक वेगळी असते, एकाच्या जागी दुसरा आवळला तरी गळतोच. जुनं टोक नीट बघून तसाच प्रकार करा आणि फ्लेअर करण्याआधी नट पाइपात घालायला विसरू नका. गंज न लागणारा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप उत्तम. साधा तांब्याचा पाइप नको, तो कंपनाने चिरतो. एका जागी भोक पडलं असेल तर बाकीचा पाइप त्याच चिखलात तेवढीच वर्षं होता. आम्ही पूर्ण लांबीचा बदलायला सांगतो.

मास्टर सिलिंडर बदलताना काय चुकतं?

कोरडा सिलिंडर थेट गाडीवर चढवला जातो. आत अडकलेली हवा मग चाकाकडून निघता निघत नाही. आधी त्याला व्हाइसमध्ये सपाट धरा, दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा, आणि पिस्टन हळूहळू दाबत बुडबुडे बंद होईपर्यंत चालू ठेवा. मगच बसवा. टाकीखालची रबरी ग्रोमेट नवी घाला, तीही गळतात.

एअर कशी काढायची?

सर्वसाधारण क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे. तिरक्या जोडणीच्या काही गाड्यांत तो वेगळा असतो, म्हणून मॅन्युअल बघा.

१. टाकी मॅक्सपर्यंत भरा. काम संपेपर्यंत ती मिनखाली जाऊ देऊ नका, नाहीतर नवी हवा शिरून सगळं पहिल्यापासून करावं लागेल.
२. निपलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा.
३. पेडल दाबून धरायला सांगा. निपल पाव ते अर्धा फेरा उघडा.
४. पेडल खाली गेलं की आधी निपल बंद करा, मगच पेडल सोडायला सांगा. हा क्रम चुकला की हवा परत आत ओढली जाते.
५. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा, मग पुढचं चाक.

जुन्या गाडीत पेडल पार तळाला नेऊ नका. मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज आणि गाळ असतो, सील त्यावरून घासलं की फाटतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा.

एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत काही वेगळं करावं लागतं का?

टाकी रिकामी होऊ दिली नसेल तर बहुधा नेहमीच्या पद्धतीने जमतं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर स्कॅनर जोडून त्याचे वाल्व आणि पंप चालवावे लागतात. पेडलऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाब तयार करणाऱ्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय काहीही उघडू नका. तिथे गाडी बंद असतानाही दाब साठलेला असू शकतो. हे काम माहीतगाराकडेच द्या.

कोणतं ऑइल भरायचं?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलवाली आहेत. ताजं असताना त्यांचा उत्कलनबिंदू अनुक्रमे किमान २०५, २३० आणि २६० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४०, १५५ आणि १८० पर्यंत उतरतो. डॉट ५ मात्र सिलिकॉनवालं आहे. नावात साम्य असलं तरी ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाड्यांसाठी नसतं. डबा उघडून महिनोन्‌महिने पडलेला असेल तर त्यातलं ऑइल वापरू नका, हवेतला ओलावा त्यात गेलेला असतो.

चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ब्रेकच्या टाकीत गेलं असेल तर गाडी सुरूही करू नका आणि पेडलला पाय लावू नका. ऑइल टाकीतच असताना काढलं तर टाकी बदलून, धुऊन निभावतं. यंत्रणेत पसरलं तर मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत रबर असलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो. टाकीच्या झाकणाचं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं असेल, तर हेच घडलेलं असतं.

दुरुस्तीनंतर खात्री कशी करायची?

सगळे जोड पुसून कोरडे करा. इंजिन सुरू करून पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा, मग टिश्यू पुन्हा फिरवा. पेडल उंच आणि टणक राहिलं पाहिजे. चाकं बसवून मोकळ्या जागी आधी चालण्याच्या वेगाने, मग थोड्या वेगाने ब्रेक लावून बघा. गाडी सरळ थांबली पाहिजे. टाकीवरची रेघ नव्याने मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि साधारण १०० किमीनंतर पातळी आणि जोड पुन्हा तपासा.

सांडलेल्या आणि काढलेल्या ऑइलचं काय करायचं?

गाडीच्या रंगावर पडलं तर पुसू नका, भरपूर पाण्याने लगेच धुवा. पुसल्याने ते पसरतं आणि मऊ झालेला रंग सोबत निघतो. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं तर विषारी आहे, म्हणून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच साठवू नका. जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. झाकणाच्या डब्यात, इंजिन ऑइलपासून वेगळं ठेवून, त्यावर नाव लिहून, टाकाऊ ऑइल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या.